पोटातले कारागीर

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात माप दोन ठिकाणी ठेवलं जाई. छाती, कंबर, बाही, उंची हे आकडे चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचले जात. आणि माणूस उभा कसा राहतो, कुठला खांदा उतरतो, पाठीला कुठे बाक आहे, माप देताना पोट आत ओढून धरतो की काय, हे सगळं मास्तरांच्या डोक्यात जाई. याला ते 'ठेवण' म्हणत. ठेवण लिहायची नाही, हा त्यांचा दंडक. 'पोट लपवतो' असं लिहिलेली चिठ्ठी चुकून गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढेल का, असं ते विचारत. त्यात थोडा तोराही होता, नाही असं नाही. शहरात शिंपी पुष्कळ होते, पण वाकड्या अंगावर सरळ बसणारा कोट मास्तरच शिवत, आणि ही गोष्ट त्यांना सगळ्यांत चांगली माहीत होती.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. काजं, बटणं, अस्तर, हातशिलाई हे त्यांचं खातं. खडू आणि कात्री मास्तरांची. काकूंना कापता येत नव्हतं अशातला भाग नाही. इतकी वर्षं शेजारी बसून ते बघूनबघूनच पाठ झालं होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. संसारात अशा गोष्टी निमूट पडून राहतात आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मग एका दुपारी मास्तर कापता कापता पोट धरून खाली बसले. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन ताबडतोब झालं, चांगलं झालं, पण पुढे जखमेत पू झाला आणि त्यासाठी जालीम औषधं बरेच दिवस द्यावी लागली. इस्पितळात मास्तर पांघरुणातून नसलेला टाका उसवत बसायचे. नर्सबाईंना म्हणाले, "बाही आखूड झालीय तुमची, ठेवून जा." सगळे हसले. काकूही हसल्या. भुलीचा अंमल आहे, उतरेल, असं सगळेच म्हणत होते.

तो उतरला तो अर्धाच. घरी आल्यावर मास्तर लोकांना ओळखत, जेवत, पेपर वाचत. पण वाचलेलं पान पुन्हा वाचायला घेत. गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकासमोर उभे राहत आणि पुढे काय करायचं ते त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहत. सगळ्यांत वाईट म्हणजे ठेवण राहीना. माणूस दुकानातून बाहेर पडला की त्याच्याबरोबर त्याचा खांदाही निघून जाई. मास्तर टेबलाशी येऊन चिठ्ठी वाचत, कापडाकडे बघत आणि खडू नुसता बोटांत फिरवत राहत.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात होती. तिची स्वतःची मुलं कॉलेजात गेली तरी घरात तिला छोटीच म्हणत. छोटीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, बाबांना आता झेपत नाही. दुकान आवरा आणि माझ्याकडे या दोघं." तिचं काही चुकत नव्हतं. पण खडू-कात्रीशिवाय मास्तर म्हणजे काय उरतील, हे काकूंना सुचेना. "बघू," त्या म्हणाल्या. आमच्याकडे 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे छोटीलाही ठाऊक होतं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत. त्यांनी मास्तरांची परीक्षा घेतली. तारीख विचारली, मजला विचारला, घड्याळ काढायला लावलं, आणि पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. शब्द होते चमचा, नदी, खुर्ची, लिंबू, शिट्टी. मास्तरांना एकटं लिंबू आठवलं. पुन्हा महिन्याने यायचं होतं. काकू शेजारच्या खुर्चीत बसून होत्या आणि त्यांना पाचही शब्द चांगले पाठ झाले होते.

त्यांनी काय केलं ते आता सांगायला हवं. त्यांनी मास्तरांचा अभ्यास घेतला. एखादी आई ढ मुलाला वार्षिक परीक्षेला बसवते तशी महिनाभर तयारी करून घेतली. सकाळी तारीख, दुपारी मजला, संध्याकाळी घड्याळाचे काटे. जेवताना काकू आमटी वाढता वाढता म्हणत, "चमचा?" आणि मास्तरांनी म्हणायचं, "नदी, खुर्ची." कधी त्या न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून विचारत, "लिंबू आणि काय हो?" आणि आतून पाण्याच्या आवाजात उत्तर येई, "शिट्टी." मास्तर नापास झाले तर डॉक्टरीणबाई कागदावर भलतंसलतं लिहितील, छोटी तो कागद वाचेल आणि दुकानाला कुलूप लागेल, एवढंच काकूंना दिसत होतं. त्यापलीकडचं बघायला त्यांना सवड नव्हती.

दुसऱ्या परीक्षेत मास्तर पैकीच्या पैकी गुणांनी पास झाले. शब्द तेच होते. मास्तरांनी ते विचारायच्या आधीच सांगून टाकले, तेव्हा डॉक्टरीणबाई जरा थबकल्या, पण मग हसल्या. "उत्तम. म्हणजे तुम्हाला पुढच्या टप्प्यात घ्यायची गरज नाही."

"पुढचा टप्पा म्हणजे?" काकूंनी विचारलं. स्वर असा, की वर्गात पहिल्या आलेल्या मुलाची आई बाकीच्यांची चौकशी करते आहे.

"ज्यांचं डोकं ऑपरेशननंतर बरेच दिवस जड राहतं ना, त्यांच्यासाठी आहे तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्या आतड्यात असंख्य जंतू असतात, कामाचे. औषधांनी त्यांची वाताहत होते. पोटात बिघडलं की डोक्यावरही त्याचा परिणाम होत असावा, असा आमचा अंदाज आहे. म्हणून काहींना आहार बदलून देतो, पुड्या देतो, दर महिन्याला बघतो. पण यांना कशाला? हे ठणठणीत आहेत."

बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तर शेजारी हातातल्या तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. ज्या दारातून मदत मिळायची होती ते दार आपणच ओढून घेतलं, हे काकूंना कळलं होतं. पण परत जाऊन तसं सांगायचं, तर इतके दिवस काय केलं तेही सांगावं लागणार होतं. तोंड दाखवायचं कसं? आठवडाभर त्यांनी टाळलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. शिकाऊ मुलगासुद्धा पहिल्या महिन्यानंतर असं करत नाही. काकूंनी एक बाही गुपचूप उचलली, उरलेल्या कापडातून जेमतेम दुसरी काढली आणि जोडून टाकली. मास्तर मागच्या खाटेवर पडून छताकडे बघत होते.

"ऐकलंस का," ते म्हणाले. "परीक्षेत तू मला पास केलंस. पण कापड काही तुझी शिकवणी मानत नाही."

काकूंच्या हातातली सुई थांबली. "तुम्हाला कळत होतं?"

"येडा झालेलो नाही अजून. तू एवढी जीव तोडून विचारायचीस, म्हटलं शिकतो बापडा. तुला बरं वाटायचं ना." मग म्हणाले, "पण मला बरं वाटत नाहीये गं."

हे वाक्य ते इतक्या साधेपणाने बोलले, की काकूंना रडूही आलं नाही. त्यांनी सुई गादीला टोचली, मास्तरांना उठवलं आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. "काकू, हा अभ्यास आहे. तुमच्या खोट्या आकड्यावरून आम्ही उद्या दुसऱ्या कुणालातरी चुकीचं सांगितलं असतं." काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या. "आणि माझंही चुकलं," डॉक्टरीणबाई जरा नरमून म्हणाल्या. "शब्द बदलायला हवे होते. तुम्ही आता बाहेर बसा."

बंद दाराबाहेर बाकावर बसून काकूंनी पदराला पीळ घातला आणि सोडला. आत मास्तरांना नव्या पाचांतला एकही शब्द आठवला नाही. दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा मात्र हलका झाला होता. "नापास," ते काकूंना म्हणाले, जणू काही आज लवकर सुट्टी मिळाली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना जंतूंचं पुन्हा सविस्तर सांगितलं. मास्तरांना ते पटकन समजलं, कारण त्यांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं.

"म्हणजे पोटात कारागीर होते," ते म्हणाले. "एकदोन लबाड निघाले म्हणून तुम्ही सगळ्यांनाच हाकललंत."

"असंच काहीसं. हाकलणं भागच होतं, नाहीतर तुम्ही वाचला नसता."

"आता नवे भरायचे."

"भरायचे, आणि टिकवायचे. त्यांना खाऊ घालावं लागतं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, फळं, दही. रोज चालायचं, रात्री वेळेवर झोपायचं. आणि ही पुडी रोज एक, गार पाण्यातून. गरम चहात टाकाल तर कारागीर मरतील."

"मग मी बरा होईन?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. "पुष्कळांचं डोकं काही महिन्यांनी आपोआपच हलकं होतं. काहींचं होत नाही. पुडीने फरक पडतो का, हेच आम्हाला शोधायचं आहे. आणि एक सांगते, काही पुड्यांत जंतू आहेत आणि काहींत नुसतं पीठ. तुमच्यात काय आहे ते मलाही माहीत नाही."

"पीठ निघालं तर?"

"तर तुम्ही आमच्यासाठी पीठ खाल्लंत म्हणून आभार मानेन."

मास्तर खळखळून हसले. काकूंनी ते हसू ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकलं.

दिवस आपल्या चालीने जाऊ लागले. पुडी न्याहारीनंतर. मास्तर ती पेल्यात ओतून म्हणत, "चला रे, कामाला लागा." संध्याकाळी दोघं नदीपर्यंत चालत जात, आणि मास्तर पुढे चालणाऱ्या माणसांच्या पाठी बघत राहत. महिन्याच्या परीक्षेला काकू आता बाहेरच बसत. गुण वाढताहेत असं डॉक्टरीणबाई सांगत. काकू हूं म्हणत. परीक्षेवरून त्यांचा विश्वासच उडाला होता, आणि तोही स्वतःच्याच कर्तबगारीमुळे.

त्यांनी दुसरी सोय केली होती. त्या डाव्या बाह्यांनंतर त्यांनी एक क्रम लावून घेतला. सकाळी मास्तर कापडावर खडूने आखून ठेवत. जेवण झालं की मागच्या खाटेवर पडत. ते झोपले की काकू दाराची कडी हळूच लावत, ब्रश घेत आणि मास्तरांची चुकलेली रेघ पुसून आपली ओढत. बगल खोल गेलेली असे, पाठ अरुंद झालेली असे. उठल्यावर मास्तर तोंड धुऊन येत आणि काकूंच्या रेघेवरून निर्धास्त कापत. त्यांच्या ध्यानात येत नसे, आणि तेच काकूंना सगळ्यांत जास्त लागे. आपण उत्तम आखतो हे कळायला ही वेळ यावी, याचंही त्यांना वाईट वाटे. पण कोट बसत होते. गिऱ्हाइकं येत होती. छोटीला फोनवर सांगता येत होतं, "बाबा कापताहेत की." ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

अलीकडे पुसायला फारसं उरत नसे. पण काकू तरीही रोज ब्रश उचलत, इथे अर्धं बोट, तिथे एक रेघ. हात थांबवून बघावं आणि चुकलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर दिसावा, एवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. हे एकदा अंगवळणी पडलं, की आपण काय दुरुस्त करतो आहोत हे माणूस नीट बघतही नाही.

एके दिवशी एक वकीलबाई काळ्या कोटाचं माप देऊन गेल्या. काकू तेव्हा बाजारात होत्या. दोन दिवसांनी मास्तरांनी कापड आखलं, जेवले आणि झोपले. काकूंनी कडी लावली आणि टेबलाशी आल्या. काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. पाठ बरोबर होती, बगल बरोबर होती. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता.

काकूंनी टाचलेली चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर तसं काही नव्हतं; दोन्ही बाजूंची मापं सारखी. इतके महिने डाळी, दही, चालणं, पुड्या, आणि शेवटी हे. त्या क्षणभर टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, ब्रशने ती रेघ साफ केली आणि दोन्ही खांदे एका पातळीत आणून ठेवले.

मास्तर उठले. तोंड धुतलं. कात्री घेतली, खालच्या कडेने आत घातली आणि बाजूच्या रेघेवरून कापत वर निघाले. काकू काजं करत होत्या. कात्रीचा आवाज ओळखीचा, लांब, संथ. तो बगलेपाशी पोचला आणि थांबला.

"ही रेघ कुणाची?"

काकूंनी वर पाहिलं नाही. "तुमचीच की."

"माझी नाही." मास्तरांनी खांद्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "खडू टेकतो तिथे रेघ जाड येते. मी मानेकडून सुरू करतो. ही खांद्याच्या टोकाकडून आलीय."

काकूंना अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी हातातलं काम गादीवर ठेवलं. "माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही खांदा चुकवला होतात."

"चुकवला नव्हता. बाईंचा डावा खांदा पडका आहे. हाड मोडलं होतं कधीतरी, नीट बसलेलं नाही. त्या बोलल्या नाहीत, पण पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेताना त्यांचं तोंड कसंनुसं झालं. टेप लावून कळत नाही ते. नुसतं बघावं लागतं."

"कधी बघितलंत हे?"

"परवा. माप घेताना."

"आणि ते आजपर्यंत लक्षात राहिलं?"

मास्तरांनी मान वळवली. कात्री हातात तशीच उघडी होती. ते दाराकडे बघत होते, जिथून वकीलबाई परवा बाहेर पडल्या होत्या.

"राहिलं," ते म्हणाले. आवाज जरा चकित होता. "त्या पायरी उतरल्या, डाव्या हाताने कठडा धरला नाही, तेही राहिलंय."

आता मात्र काकूंना रडू कोसळलं. आवरायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "मला वाटलं होतं तुम्ही परत येतच नाही," त्या म्हणाल्या. "इथे असायचात, जेवायचात, पण नव्हता तुम्ही. रोज शेजारी बसून मी एकटी असायचे."

"ठाऊक आहे गं," मास्तर म्हणाले. "मलाही सापडत नव्हतो मी."

बाहेर रस्त्यावरून सायकली जात होत्या. काकूंनी नाक पुसलं. मास्तरांनी टेबलावरचं कापड तळहाताने साफ केलं आणि मग त्यांच्या मनात पुढचा प्रश्न आला. तो येणार हे काकूंना माहीत होतं.

"आधीच्या रेघा?"

"माझ्या."

"सगळ्या?"

"त्या डाव्या बाह्यांपासूनच्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ."

मास्तरांनी हिशेब लावल्यासारखं कपाटाकडे पाहिलं. त्या महिन्यांत शिवलेले कोट आता कुठल्या कुठल्या लोकांच्या अंगावर शहरभर फिरत होते. "तो बुटका प्राध्यापक?"

"मी."

"बरा बसला होता त्याला," मास्तर म्हणाले. त्यांना हे म्हणताना जड गेलं, पण ते म्हणाले. मग खडू उचलून पुन्हा खाली ठेवला. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही कात्री खाली ठेवली असतीत."

मास्तरांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. वाद घालायची त्यांची सवय जुनी होती, पण आज त्यांनी घातला नाही.

"ठेवली असती," ते म्हणाले. "आणि पुन्हा उचलली नसती."

त्यांनी ब्रश घेऊन काकूंची रेघ पुसली, मानेकडून खडू टेकवला आणि डावा खांदा बोटभर खाली आणला. काकू उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि कापड ताणून धरलं. पण कात्री हलली नाही. मास्तर त्यांच्याकडे बघत होते.

"बघ एकदा," ते म्हणाले. "बरोबर आहे ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे काकूंना कधीच विचारलं नव्हतं. काकूंनी वाकून पाहिलं, घाई न करता, मानेपासून टोकापर्यंत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कापा."